पिवळं दुकान, गुलाबी दुकान: जाहिरात-कार्डांच्या वहीतली सहामाही नोंद

आई उन्हाळ्यात इथे पेनसिल्व्हेनियाला आली होती. मी जेवणाच्या टेबलावर माझ्या संग्रहातली जुनी जाहिरातीची पोस्टकार्डं पसरून बसलो होतो. तिनं एक उचललं, कोपरा पाहिला आणि लगेच खाली ठेवलं. "कोपरा फाटलेलं कार्ड घरात कशाला आणलंस रे?" तिच्या लेखी कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. उंबऱ्यावरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. मी म्हटलं, अगं, हे एका अमेरिकन वाण्याचं कॅलेंडर आहे, शंभराहून जास्त वर्षांचं, आणि कोपरा फाटलाय म्हणूनच मला तीन डॉलरला मिळालं. "मग असू दे," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

या सहामाहीत सगळ्यात जास्त शिकवलं ते ह्याच कार्डानं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

अ‍ॅडम्सटाउनच्या रविवारच्या बाजारात, बुटांच्या खोक्यात सापडलं. चित्रात मार्चच्या वाऱ्यात उडालेल्या छत्रीमागे धावणारी बाई, शेजारी मार्च महिन्याचं कॅलेंडर, खाली पट्टीत वेगळ्याच ठशात दुकानदाराचं नाव. आपल्याकडे देवाच्या चित्राखाली 'अमुक किराणा भांडार' छापलेली कॅलेंडरं मिळतात ना, तोच प्रकार. चित्र मोठ्या शहरात हजारोंनी छापायचं, खाली जागा कोरी सोडायची आणि गावोगावच्या दुकानदारांनी तिथे आपलं नाव घालून घ्यायचं. बस्टर ब्राऊन या त्या काळच्या चित्रपट्टीतल्या खट्याळ पोराचा जनक रिचर्ड आउटकॉल्ट याच धंद्यात होता. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यानं आपलं पात्र वापरायचे हक्क वाटेल त्याला विकले. बुटांच्या कंपनीनं घेतले ते आजवर लोकांच्या लक्षात आहेत. पुढे शिकागोतली त्याच्या नावाची जाहिरात कंपनी दुकानदारांना अशीच महिन्या-महिन्याची कॅलेंडर-कार्डं पुरवायची.

माझ्या कार्डावर वर्ष नव्हतं आणि टपालाचा शिक्का पार फिस्कटलेला. विक्रेत्यानं मागे पेन्सिलीनं '१९०५?' लिहून ठेवलेलं. कॅलेंडरात १ मार्चला बुधवार. हिशेब केला तर १९०१ ते १९२० मध्ये १ मार्चला बुधवार येतो तो १९०५, १९११ आणि १९१६ साली. आता कार्ड उलटायचं. मागच्या बाजूला मधोमध रेघ आहे, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. अमेरिकेत अशी दुभागलेली पाठ चालू झाली १ मार्च १९०७ पासून. त्याआधी पत्त्याच्या बाजूला पत्त्याखेरीज काही लिहायची परवानगीच नव्हती. म्हणून तर जुन्या कार्डांवर लोकांनी चित्राच्या कडेकडेनं, आभाळात, पुलाखाली, मिळेल तिथे खरडलेलं असतं. म्हणजे १९०५ बाद. उरले दोन. तिकीट एक सेंटचं, हिरवं, त्यावर बेंजामिन फ्रँकलिन. १९१२ पासून एक सेंटच्या साध्या तिकिटावर फ्रँकलिनऐवजी वॉशिंग्टन आला. चार-पाच वर्षं जुनं तिकीट कुणी जपून ठेवून चिकटवलं असेल हे अशक्य नाही, पण मी माझ्या वहीत १९११ लिहिलं आणि विक्रेत्याचं पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह तसंच राहू दिलं.

नव्या मंडळींसाठी पाठीचा थोडा इतिहास, कारण सगळी तारीखवारी तिथूनच सुरू होते. अमेरिकन सरकारचं पहिलं छापील एक सेंटचं कार्ड आलं मे १८७३ मध्ये. (आपल्याकडे पाव आण्याचं कार्ड यायला १८७९ उजाडलं.) व्यापाऱ्यांनी लगेच त्याची कोरी बाजू जाहिरातींनी भरायला घेतली. खाजगी छापलेलं कार्ड मजकुरासकट पाठवायचं तर मात्र पत्राइतके, म्हणजे दोन सेंट पडायचे. १९ मे १८९८ च्या कायद्यानं ते सरकारी कार्डाच्या बरोबरीला, एका सेंटवर आलं. १ जुलैपासून तो लागू झाला, म्हणून त्या काळच्या कार्डांवर 'प्रायव्हेट मेलिंग कार्ड' आणि त्या कायद्याची तारीख छापलेली दिसते. डिसेंबर १९०१ मध्ये खाजगी छापखान्यांना नुसतं 'पोस्ट कार्ड' म्हणायची मुभा मिळाली. मग १९०७ ची रेघ. त्यानंतर जे वेड लागलं त्याचा सरकारी आकडाच पाहा: जून १९०८ ला संपलेल्या वर्षात ६७ कोटी ७७ लाख ७७ हजार ७९८ कार्डं. तेव्हा देशाची लोकसंख्या नऊ कोटींच्या आत होती.

आता माझी चूक. गेल्या सहामाहीच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत एका बियाणे-विक्रेत्याच्या कार्डाची तारीख '१८९८ पूर्वीची' ठरवली होती. आधार काय, तर वर दोन सेंटचं लाल तिकीट. पाठीला रेघ आहे हे माझ्या लक्षात आलं होतं, पण 'ती नंतर कुणी मारली असेल' अशी स्वतःची समजूत घालून घेतली होती. नाकासमोरचं सोडून मनासारखं बघायचं म्हटलं की काय काय सुचतं! कार्ड निघालं १९१८ चं. पहिल्या महायुद्धाच्या करापायी २ नोव्हेंबर १९१७ पासून ३० जून १९१९ पर्यंत अमेरिकेत साध्या कार्डालाही दोन सेंट लागायचे. नंतर दर पुन्हा एक सेंटवर उतरला. १९२५ च्या एप्रिलपासून १९२८ च्या जूनअखेर खाजगी कार्डं पुन्हा दोन सेंटवर गेली होती, सरकारी कार्डं मात्र एकावरच राहिली. आता तिकिटांच्या दरांचा तक्ता भिंगाच्या डबीतच घडी करून ठेवलाय.

दुसरा फटका खिशाला बसला. हॅमिल्टन किंगनं काढलेली १९१० ची कोका-कोलाची मुलगी मी ऑनलाइन घेतली. भाव बरा वाटला तेव्हाच शंका यायला हवी होती. रात्री दिवे घालवून अतिनील (यूव्ही) किरणांचा टॉर्च मारला आणि कार्ड नव्या धुतलेल्या बनियनसारखं निळं-पांढरं चमकलं. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासपासून वापरात आली. १९१० च्या कागदात ती कुठली? भिंगाखाली ठिपकेही आजच्या मासिकासारखे, नेमक्या फुलांच्या आकारात बसलेले. जुन्या शिळाछापात ठिपके वेडेवाकडे, वाळूसारखे विखुरलेले असतात. पैसे परत मिळाले नाहीत. कार्ड ठेवून घेतलंय, टॉर्च नीट चालतो का ते तपासायला उपयोगी पडतं.

क्रॅकर जॅकची अस्वलं: १६ पैकी ११ झाली. १९०७ च्या या मालिकेत दोन अस्वलं देशभर हिंडतात, नायगाऱ्याला जातात, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटतात. 'टेडी'वरून अस्वलांची लाट आली होती, तिच्यावर शिकागोच्या लाह्या-गुळाच्या कंपनीनं हात धुऊन घेतले. दहा सेंट पाठवा किंवा दहा पुड्यांच्या बाजू कापून पाठवा, अशी योजना. (लाह्या, शेंगदाणे आणि काकवी म्हणजे चिक्कीच की, फक्त डब्यात घालून.) माझ्या अकरांपैकी सात कार्डं टपालातून गेलेलीच नाहीत. पोरांनी जमवून ठेवलेली दिसतात.

कॉर्न किंक्सची कार्डं विकत घ्यावीत का, असं मला दोघांनी विचारलं. बफेलोच्या एच-ओ कंपनीच्या न्याहारीच्या धान्याची जाहिरात, काळ्या मुलीचं हिडीस विडंबन. मी एकच घेतलं, वेगळ्या पाकिटात ठेवलंय आणि वहीत ते काय आहे ते स्पष्ट लिहिलंय. 'मजेशीर जुनं चित्र' असं लिहून विकणाऱ्यांकडून मी घेत नाही. पण ही कार्डं संग्रहातून गाळली तर त्या काळचा वाणसामानाचा बाजार आहे त्यापेक्षा निर्मळ दिसेल, तेही खोटंच.

मध्येच एक माणूस. जेफरसन बर्डिक, सिराक्यूजच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडणारा कामगार. सांधेदुखीनं बोटं वाकडी झालेली. या माणसानं सिगारेटच्या पाकिटातली, साबणाची, जाहिरातींची, टपालाची अशी तीन लाखांवर कार्डं जमवली आणि कुठल्या जातीच्या कार्डाला काय म्हणायचं त्याची अक्षरं-आकड्यांची पद्धत घालून दिली. बेसबॉलच्या कार्डांचे भाव लाखांत बोलणारे लोक आजही 'टी २०६' म्हणतात ते त्याचंच. सगळा संग्रह त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि स्वतः तिथे बसून कार्डं अल्बमांत चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपवलं, मार्चमध्ये वारला. चिकटवली हे वाचून आजच्या संग्राहकाच्या पोटात गोळा येतो खरा. आपण मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटांशिवाय कार्डाला हात लावत नाही. पण त्या चिकटवण्यामुळेच ती एकत्र राहिली. पुण्या-मुंबईच्या मंडळींना पुन्हा सांगतो, पीव्हीसीची पाकिटं नकोत, आणि कसर लागू नये म्हणून डबा पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका.

आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते.

मार्चमध्ये मला चार सरकारी एक-सेंटी कार्डांचा गठ्ठा मिळाला, एकूण आठ डॉलर. चित्र नाही, रंग नाही. छापील मजकूर इतकाच, की आमचे श्री. अमुक अमुक तारखेच्या सुमारास आपल्याकडे येतील, तरी आपली ऑर्डर त्यांच्यासाठी राखून ठेवावी. नाव आणि तारीख हातानं भरायची. फिरत्या विक्रेत्यांची ही आगाऊ कार्डं. संग्राहक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि मीही आजवर बघत नव्हतो. ही चारही एकाच दुकानदाराला, बुटांच्या एका घाऊक पेढीकडून, १९०९ ते १९११ मधली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. अजून काही कार्डं कुणाकडे तरी असणार आणि भाव उगाच चढायला नको.

पहिल्या दोन कार्डांवर तारखा मार्च आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या. फिरस्त्याची फेरी वर्षातून दोनदा, हंगामाच्या तोंडावर. तिसरं कार्ड मात्र जूनच्या मधलं. त्याच हस्ताक्षरात, तोच छापील मजकूर, जास्तीचा एक शब्द नाही. जूनमध्ये बूट विकायला कोण येतं?

लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जुनी वर्तमानपत्रं पानंच्या पानं फुकट खुली केलीत. त्या जिल्ह्याच्या साप्ताहिकाचे जूनचे अंक चाळायला दोन संध्याकाळी गेल्या. दुकानाच्या नावानं शोधलं तर काही नाही, कारण जुन्या ठशांत यंत्र अक्षरं चुकीची वाचतं. शेवटी शोध सोडून पान न् पान डोळ्यांनी वाचलं. तिसऱ्या पानावर, चर्चच्या सहभोजनाच्या बातमीखाली सहा ओळी: मुख्य रस्त्यावरची चार दुकानं रात्रीतून जळाली. आपलं दुकान दुसरं.

मग सॅनबॉर्नचे नकाशे काढले. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांसाठी ही मंडळी गावागावातली एकेक इमारत मोजून नकाशात घालायची, लाकडी असेल तर पिवळी, विटांची असेल तर गुलाबी. आगीच्या आधीच्या नकाशात मुख्य रस्त्याची ती बाजू सगळी पिवळीधमक. आगीनंतरच्या नकाशात त्याच जागी चार गुलाबी चौकोन, एकमेकांना चिकटून. आपलं दुकान त्याच जागेवर, फक्त जरा रुंद झालेलं.

बातमीचा अंक आणि कार्डावरचा शिक्का यांत पाच दिवसांचं अंतर. सगळा माल जळालाय म्हणजे सगळाच नव्यानं घ्यावा लागणार, हे विक्रेत्याला बरोबर कळलं होतं. मी आधी त्याला मनात कोडगा म्हणून मोकळा झालो. बायकोनं कार्ड बघून विचारलं, "पण त्या वेळी दुकानदाराला उधारीवर माल द्यायला दुसरं कोण आलं असेल?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून दुकानाच्या पुढच्या जाहिराती शोधल्या. ऑगस्टच्या अंकात पाव पानाची जाहिरात आहे: तात्पुरती जागा एका गोदामात, माल सगळा नवा, आणि सगळ्यात वर बूट.

चौथं कार्ड पुढच्या वर्षीच्या मार्चचं. तारीख पुन्हा नेहमीचीच, पहिला आठवडा. फक्त त्यावर आधी एक नाव लिहून खोडलंय आणि वर, वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं दुसरंच नाव घातलंय.