कलेजी: आठवड्याला शंभर ग्रॅम, तीही दोन खेपांत

मटणाच्या दुकानात ‘अर्धा किलो द्या, त्यात थोडी कलेजी टाका’ म्हटलं की तीन-चार तुकडे पडतात. साधारण ५० ग्रॅम. एका माणसाला एका वेळेस तेवढी पुरे. नुसत्या कलेजीचं भरलेलं ताट चवीला कितीही छान लागलं तरी हिशेबात बसत नाही.

हिशेब असा. मेंढीच्या १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत साधारण ७,००० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व असतं, कोंबडीच्या कलेजीत सव्वातीन हजारांच्या आसपास. जनावराच्या चाऱ्यानुसार हे बरंच बदलतं. प्रौढ माणसाची रोजची गरज हजारच्या आतबाहेर, म्हणजे १०० ग्रॅममध्ये अख्ख्या आठवड्याची सोय झाली. जास्तीचं अ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, आपल्याच यकृतात साठत राहतं. रोज सातत्याने ३,००० च्या वर गेलं की कालांतराने डोकेदुखी, त्वचा सोलणं, यकृतावर ताण असे त्रास सुरू होऊ शकतात.

बी-१२ चं उलट आहे. मेंढीच्या १०० ग्रॅम कलेजीत ते ९० मायक्रोग्रॅमच्या घरात आहे आणि रोजची गरज दोन-अडीच. पण जठरात तयार होणारं एक प्रथिन बी-१२ ला धरून आतड्यातून आत नेतं, आणि एका जेवणात त्याची क्षमता दीड-दोन मायक्रोग्रॅमला संपते. उरलेल्यातलं जेमतेम १ टक्का आपोआप झिरपतं. म्हणून एकदम १०० ग्रॅम खाण्यापेक्षा बुधवारी ५० आणि रविवारी ५० खाल्लेलं बरं. अ जीवनसत्त्वाची बेरीज तीच राहते, बी-१२ जास्त पदरात पडतं.

या १ टक्क्यावर एकेकाळी माणसं जगली आहेत. १९२६ मध्ये बोस्टनला मिनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी पर्निशियस अ‍ॅनिमियाच्या (म्हणजे बी-१२ अंगी न लागल्याने होणाऱ्या रक्तक्षयाच्या) रुग्णांना रोज पाव किलोपर्यंत कलेजी खायला घातली आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. या रुग्णांच्या जठरात ते प्रथिनच तयार होत नव्हतं, म्हणून इतका ढीग लागायचा. १९३४ चं नोबेल या दोघांना अमेरिकन डॉक्टर व्हिपल यांच्यासोबत मिळालं. त्याच सुमारास मुंबईत इंग्रज डॉक्टर लूसी विल्स गरोदर बायकांच्या, त्यातही गिरणीत राबणाऱ्यांच्या अ‍ॅनिमियावर काम करत होत्या. पर्निशियसवर चालणारा कलेजीचा शुद्ध अर्क इथे चालेना. कच्चा अर्क आणि मार्माइट (यीस्टपासून केलेला पावाला लावायचा लगदा) मात्र लागू पडलं. यातला वेगळा घटक म्हणजे फोलेट, हेही एक ब जीवनसत्त्वच. कोंबडीच्या कलेजीत ते १०० ग्रॅमला ५५० मायक्रोग्रॅमच्या वर असतं, मटणाच्या कलेजीच्या दुपटीहून जास्त. लोहही कोंबडीचंच थोडं वरचढ, ९ मिलिग्रॅम. तरी आपल्याकडे कोंबडीची कलेजी दुय्यम समजतात, हे काही पटत नाही.

गंमत म्हणजे फोलेट मिळावं म्हणून गरोदर बाईला कलेजी खाऊ घालणं आज टाळायला सांगतात, कारण तयार अ जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. त्यांच्यासाठी गोळी आणि पालेभाजीच ठीक. दोन वर्षांच्या मुलाला आठवड्यातून एक छोटा तुकडा, १० ग्रॅमचा, बास. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल, गाऊटची सूज येत असेल, तर कलेजी, गुर्दा, तिल्ली तिन्ही बाजूला ठेवा.

बाकीचे भाग एका माळेत ओवू नयेत. तिल्लीत लोह प्रचंड, मेंढीच्या १०० ग्रॅममध्ये ४० मिलिग्रॅमच्या वर. गुर्द्यात सेलेनियम हे खनिज भरपूर, पण कॅडमियम हा विषारी धातूही तिथेच साठतो आणि जनावराच्या वयासोबत वाढतो, म्हणून गुर्दे कोवळ्या बोकडाचेच घ्यावेत. दिल म्हणजे निव्वळ स्नायू, चांगलं घट्ट मांस. भेज्यात डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल आहे, सोबत १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉलही. आणि वजडी? चवीला राजा, पोषणात साधी. लोह नगण्य, प्रथिनं आहेत पण बरीचशी कोलेजनची, म्हणजे कमी प्रतीची. पायाच्या सूपचंही तेच. हाडातलं कॅल्शियम रश्शात फारसं उतरत नाही. आवडतं म्हणून खा, हाड जुळावं म्हणून नको.

घेताना कलेजी गर्द लालसर तपकिरी, ओली चकचकीत, बोट दाबलं तर परत वर येणारी हवी. पांढऱ्या गाठी, पाण्याने भरलेले फुगे किंवा नळ्यांमध्ये पानासारखे चपटे किडे दिसले तर तुकडा घेऊच नका. असले फुगे गल्लीतल्या कुत्र्याला टाकणं हा त्याहून मोठा घोळ: कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीतून, न धुतलेल्या भाजीतून माणसापर्यंत येतात. कोंबडीच्या कलेजीवर हिरवट डाग म्हणजे पित्ताची पिशवी फुटली. तेवढा भाग कापून टाका, नाहीतर सगळं कालवण कडू.

वरचा पातळ पडदा नखाने सोलून काढा. तो राहिला की तापल्यावर आक्रसतो आणि तुकडा वाकडा होतो. फोलेट पाण्यात उतरतं, म्हणून तासभर भिजत घालू नका. झटकन धुऊन निथळा. पाव किलोला अर्धा चमचा हळद, एक चमचा आलं-लसूण, पंधरा मिनिटं. जाड बुडाच्या तव्यात तेल चांगलं तापलं की तुकडे एका थरात टाका, गर्दी नको, नाहीतर पाणी सुटून ती शिजते, परतली जात नाही. दीड इंची तुकड्यांना मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं. सगळ्यात जाड तुकडा मधोमध चिरून बघा: लाल रस वाहत असेल तर आणखी एक-दोन मिनिटं. कोंबडीची कलेजी मध्ये गुलाबी ठेवण्याची फॅशन इथे नको, कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब लावणारा जिवाणू त्या गुलाबीतच टिकतो. कुकरची शिट्टी मात्र अजिबात नको. प्रथिनं आवळून सगळा रस बाहेर येतो आणि हातात भुसभुशीत खडू उरतो. मीठ शेवटी, आणि सोबत बाजरीची भाकरी. कलेजीसोबत खाल्लं की बाजरीतलं लोहही एरवीपेक्षा जास्त शोषलं जातं.