एनिमाच्या पाण्याचा वेग आटोक्यात ठेवताना: माझा अनुभव

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर घ्याव्या लागलेल्या अफूवर्गीय वेदनाशामकांमुळे मला जडलेली बद्धकोष्ठता सारक औषधांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी काही काळ घरी अर्धा लिटर कोमट मिठाच्या पाण्याचा एनिमा, म्हणजे गुदद्वारावाटे आतड्यात पाणी सोडून पोट साफ करण्याचा उपाय, घेण्यास सांगितले. औषधांच्या दुकानातून डबा, रबरी नळी, कॉक (नळीवरची तोटी) आणि नोझल (गुदद्वारात घालायचे टोक) असा नेहमीचा संच आणला. सोबतच्या कागदावर डबा ‘उंचावर’ टांगावा एवढेच लिहिले होते. किती उंच, हे मात्र नाही, आणि सगळी मेख त्यातच आहे.

पाण्याचा दाब ठरतो तो डब्यातील पाण्याची पातळी नोझलपेक्षा किती वर आहे यावरून. स्नानगृहातील टॉवेलच्या खुंटीवर डबा टांगला, तर फरशीवर झोपलेल्या माणसासाठी ही उंची दीड मीटरच्या घरात जाते. मोठे आतडे त्या दाबाने एकदम ताणले जाते आणि पोटात कळ येते. म्हणून मी डबा बुटक्या स्टुलावर, शरीरापासून साधारण तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर उंच राहील असा ठेवू लागलो. संचातला कॉक पाणी बंद करण्यास उत्तम. पण वेग बारकाईने कमी-जास्त करणे त्याला जमत नाही. ते काम मी उंचीवर सोपवले.

नळीतील हवा आधी भांड्यात पाणी सोडून घालवायची, नोझलला जेली लावायची, डाव्या कुशीवर उजवा गुडघा पोटाशी घेऊन झोपायचे आणि मग कॉक उघडायचा. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असल्याने या स्थितीत पाणी सहज आत जाते. कळ जाणवताच मी कॉक बंद करून तोंडाने सावकाश श्वास घेत असे आणि ती ओसरल्यावर, गरज वाटल्यास डबा आणखी खाली ठेवून, पुन्हा सुरुवात करीत असे. सोसून रेटण्यात काहीच शहाणपण नाही. डबा रिकामा होताना पातळी उतरते आणि प्रवाह आपोआप मंदावतो, त्यामुळे शेवटचे पाणी घाईने संपवण्यासाठी डबा उचलण्याचा मोह मी टाळला.

पाण्याची ऊबही तितकीच महत्त्वाची आहे. थंड पाण्याने आतडे आकसते, गरम पाण्याने भाजते. मी थर्मामीटर लावून ते सदतीस अंशांच्या आसपास ठेवीत असे. रक्त दिसले, तीव्र वेदना झाल्या किंवा पाणी बाहेरच आले नाही, तर लगेच फोन करा, असे डॉक्टरांनी बजावले होते.