दोन पासपोर्ट आणि एक गळका स्लॅब

ठाणे, शनिवार

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास कित्येक वर्षे सभेच्या इतिवृत्तातच होत आहे. पाऊस मात्र दरवर्षी प्रत्यक्ष येतो. आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर असल्यामुळे गच्चीवरच्या डांबराला जेथे भेग पडते तेथून पाणी स्लॅबमध्ये उतरते आणि सापडेल त्या वाटेने बाहेर पडते. यंदा ते आतल्या खोलीच्या भिंतीतून आले आणि त्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटाच्या मागच्या पत्र्याच्या सांध्यातून थेट आतल्या कप्प्यात शिरले. घराचे करारपत्र आणि ठेवींच्या पावत्या वरच्या खणात होत्या म्हणून वाचल्या. खालच्या खणातल्या कापडी पिशवीत आमचे दोघांचे पासपोर्ट होते.

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जाण्याची तिकिटे निघाली आहेत. तिकिटावरची नावे पासपोर्टातल्या नावांशी अक्षरशः जुळतात ना, हे जावयांनी फोनवर विचारले, म्हणून आज पिशवी उघडली. ह्यांचा पासपोर्ट वर होता; त्याच्या पानांच्या कडा लहरी झाल्या आहेत आणि वेष्टणाचा निळा रंग एका कोपऱ्यात विटला आहे, इतकेच. माझा खाली होता. छायाचित्राच्या पानावरचे प्लास्टिकचे आवरण खालच्या कोपऱ्यात पापडासारखे फुगून सुटले आहे, त्याखाली पिवळट डाग पसरला आहे, आणि मागच्या प्रवासाच्या शिक्क्यांची शाई पाघळून दोन पाने जांभळी झाली आहेत. अमेरिकेचा व्हिसा मधल्या पानावर चिकटवलेला असल्यामुळे त्याला धक्का लागला नाही, हे पाहिल्यावर मी प्रथम खाली बसले.

शेजारच्या वहिनींनी त्यावर कापड ठेवून इस्त्री फिरवण्याचा सल्ला दिला, आणि ह्यांनी तो मनावर घेऊन इस्त्री लावलीही. मी नोकरीची सारी वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली आहेत; २६ जुलै २००५च्या पावसानंतर तळमजल्यावरची भिजलेली पुस्तके वाळवताना आम्ही जे शिकलो ते अजून हातात आहे. ओला कागद उन्हात टाकायचा नाही, कारण तो आक्रसतो. पानांत टिपकागद घालून ते वरचेवर बदलायचे, पंख्याचा वारा लांबून द्यायचा, आणि साधारण दोन दिवसांच्या आत ओल काढायची, नाही तर बुरशी धरते. आवरण चढवलेल्या पानाला तर उष्णता मुळीच दाखवायची नाही. ते आवरण उष्णतेनेच चिकटवलेले असते. इस्त्रीने ते पुन्हा सैल होईल, सुरकुतेल, आणि मग छायाचित्र बदलण्यासाठी कोणी तरी ते मुद्दाम उकलले असावे, असे दिसेल. पाण्याने झालेले नुकसान एक वेळ समजावून सांगता येते. इस्त्रीने झालेले सांगता येणार नाही.

रविवार

दिवसभर फोन चालू होते. डोंबिवलीच्या भावोजींच्या पासपोर्टावर एकदा चहा सांडला होता आणि त्यांना कोणी काही विचारले नव्हते, तेव्हा "काही होत नाही हो, बिनधास्त जा" असे त्यांचे मत पडले. दुसऱ्या एका नातलगांच्या ओळखीच्या गृहस्थांना विमानतळावरून परत पाठवले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. दोघांच्या पासपोर्टात फरक काय होता, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते, आणि मला हवे होते ते नेमके तेवढेच.

मला असे वाटते की आपण प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारतो. पासपोर्ट किती खराब झाला आहे, हे आपण पाहतो. तपासणारा माणूस ज्या जागी खाडाखोड होऊ शकते ती जागा खराब झाली आहे का, एवढेच पाहतो. कोऱ्या पानाचा कोपरा दुमडला तर त्याला त्याचे सोयरसुतक नसते, पण छायाचित्रावरचे आवरण नखभर जरी सुटले तरी त्याच्या दृष्टीने ती पुस्तिका संशयास्पद ठरते, कारण बनावट पासपोर्ट करणारेही तेथूनच सुरुवात करतात. आवरण पाण्याने सुटले की पात्याने, हे काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाला कळण्याचा काही मार्ग नाही.

दुसरी नाजूक जागा त्याच पानाच्या तळाशी असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकाप्रमाणे तेथे प्रत्येकी ४४ अक्षरांच्या दोन ओळी छापलेल्या असतात. वरच्या ओळीत देश आणि नाव असते. खालच्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख व मुदत असून त्या प्रत्येकामागे एक ताळ्याचा अंक असतो, आणि तो मागच्या अक्षरांना ७, ३, १ या क्रमाने गुणून काढलेला असतो. डागामुळे यंत्राने एकच आकडा चुकीचा वाचला, तरी ताळा जुळत नाही आणि यंत्र ते पान नाकारते. माझ्या पासपोर्टावरचा पिवळा डाग दुसऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत पोहोचला आहे.

शिवाय हे पान एकाच जागी पाहिले जात नाही. विमान कंपनीचा काउंटर, आपल्याकडचे इमिग्रेशन, तिकडचे इमिग्रेशन, आणि येताना पुन्हा हेच सारे. लोकांना गणवेशातल्या अधिकाऱ्याची भीती वाटते, पण सर्वांत कडक नजर विमान कंपनीची असते, आणि तिला तसे कारण आहे: ज्या प्रवाशाला परदेशात प्रवेश नाकारला जातो त्याला परत आणण्याचा भार कंपनीवर पडतो आणि त्यावर दंडही होतो. अमेरिकेच्या कायद्यात तशी तरतूद आहे आणि आपल्याकडेही वाहकांच्या दायित्वाचा कायदा २००० साली झाला होता. ज्याच्या खिशाला चाट बसणार आहे तो "चालेल" असे सहजासहजी म्हणत नाही. भावोजींच्या खिशाला काहीच लागणार नसल्यामुळे त्यांना ते म्हणणे सोपे जाते.

रात्री निर्णय झाला. माझा पासपोर्ट नवा घ्यायचा. व्हिसाची काळजी त्यामुळे मिटते, कारण अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा जुन्या पासपोर्टात असला तरी नव्यासोबत तो नेऊन प्रवास करता येतो. अट एवढीच की व्हिसा स्वतः खराब झालेला नसावा. तो भिजला असता तर नव्याने अर्ज, नव्याने शुल्क आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीची तारीख मिळण्याची वाट, आणि तोवर नातवंड रांगू लागले असते.

ह्यांचा पासपोर्ट बदलायचा की नाही यावर मात्र एकमत झाले नाही. आवरण घट्ट आहे, अक्षरे स्वच्छ आहेत, तर उगाच खर्च कशाला, असे ह्यांचे म्हणणे. मी तो प्रकाशात तिरका धरून पाहिला आणि मला काही आढळले नाही. तरीही बदलावा असेच मी सांगितले. ऐकले गेले नाही.

बुधवार

वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन आले.

अर्ज भरताना पासपोर्ट अंशतः खराब आहे की पूर्णतः, असा प्रश्न येतो आणि त्यावर पुढचे बरेच काही ठरते. ओळखण्यापलीकडे गेलेल्या पासपोर्टाला तत्काळची सोय मिळत नाही. माझा क्रमांक, नाव आणि छायाचित्र शाबूत असल्यामुळे मी अंशतः खराब या सदरात बसले. मुदत संपल्यावर ३६ पानी पासपोर्ट पुन्हा घ्यायला १५०० रुपये पडतात. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्याच्या बदल्यात ३००० रुपये, आणि तत्काळसाठी आणखी २०००. वेंधळेपणाला दंड असावा हे मला पटते, पण स्लॅबमधून उतरलेल्या पाण्याचा दंड मी का भरावा, हे पटत नाही. १९६७च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे ही पुस्तिका सदैव केंद्र सरकारचीच मालमत्ता असते, म्हणजे सरकारची वस्तू आमच्या घरात भिजली, असे म्हणायचे. भरले पैसे.

पासपोर्ट कोठे आणि कसा खराब झाला याचे निवेदन जोडावे लागते. गोखले रोडवरच्या एका एजंटाने मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र आणि नोटरी करून देण्याची तयारी दाखवली होती. वास्तविक २०१६च्या अखेरीस नियम बदलले तेव्हापासून ही परिशिष्टे साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने चालतात. मी ते निवेदन घरीच लिहिले. गच्ची, भेग, भिंत, कपाट, पिशवी असा सारा प्रवास त्यात मांडल्यावर एक पान भरले आणि ह्यांनी ते वाचून "सोसायटीच्या सचिवांनाही एक प्रत द्या" असे सुचवले. ते मात्र मी लगेच केले.

केंद्रात टोकन मिळते आणि मग अ, ब, क अशा खिडक्यांतून जावे लागते. पहिल्या खिडकीवर कागद तपासून छायाचित्र व बोटांचे ठसे घेतात, दुसऱ्यावर पडताळणी होते, तिसऱ्यावर पासपोर्ट द्यायचा की नाही हे ठरते. पहिल्या खिडकीवरच्या मुलीने पान वाचकयंत्राखाली धरले. यंत्राने घेतले नाही, पुन्हा धरले, तरी नाही. मग तिने क्रमांक हाताने टाइप केला. एवढे पाहून माझे मन शांत झाले, कारण हेच विमानतळावर पहाटे घडले असते तर तेथे ते यंत्र शेवटचे ठरले असते. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी निवेदन पूर्ण वाचले, सुटलेल्या आवरणावरून अंगठा फिरवला आणि छायाचित्राकडे, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांनी विचारले ते इतकेच: "इस्त्री नाही ना केली?" बरेच जण करतात म्हणे.

त्याच आठवड्यात

नवा पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला. वेष्टणावर खाली सोनेरी खूण आहे, म्हणजे आत चिप आहे. जुन्यात ती नव्हती. पुस्तिका कोरी छापली जाते ती नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, हे ह्यांना सांगितल्यावर ह्यांना उगाचच अभिमान वाटला, कारण माहेर माझे असले तरी नाशिक ह्यांना अधिक प्रिय आहे. जुना पासपोर्ट रद्द करून परत मिळाला आहे आणि व्हिसाचे पान जसेच्या तसे आहे. विमान कंपनीकडे प्रवाशाच्या माहितीतला पासपोर्ट क्रमांक बदलून घेतला. दोन्ही पुस्तिका आता हवाबंद पिशवीत, हातातल्या सामानात.

एडिसन, न्यू जर्सी, सोमवार

मुंबईच्या विमानतळावर माझी तपासणी चटकन आटोपली. नव्या पासपोर्टातले पान यंत्राने वाचले, जुन्यातला व्हिसा पाहिला, झाले.

ह्यांच्या पासपोर्टाच्या लहरी कडा काउंटरवरच्या मुलाच्या बोटांना लागल्या आणि त्याने तो मिटून पुन्हा उघडला. यंत्राने पान बिनतक्रार वाचले होते. तरी त्याने आवरणाच्या चारही कडांवरून नख फिरवले, पान दिव्याखाली तिरके धरले आणि "सर, एक मिनिट" म्हणून पासपोर्ट घेऊन आत गेला. एका बाईंना घेऊन परत आला. त्यांनीही नख फिरवले. तोवर मागच्या रांगेतले लोक आमच्याकडे पाहू लागले होते आणि हे, ज्यांनी कोणाला विचारून कधी काही केले नाही, ते त्या बाईंना आमच्या स्लॅबची हकीकत सांगत होते. शेवटी तिकडे प्रवेश नाकारला गेल्यास परतीचा खर्च आणि जबाबदारी प्रवाशाची राहील, अशा कागदावर ह्यांची सही घेऊन बोर्डिंग पास दिला. ह्यांचा हात सही करताना किंचित अडखळला.

त्यापुढे आपल्या इमिग्रेशनवर कोणी एक शब्द काढला नाही. न्यूअर्कला अधिकाऱ्याने बोटांचे ठसे घेतले, किती दिवस राहणार ते विचारले आणि ह्यांच्या पासपोर्टाचे लहरी पान तळहाताने दाबून सपाट केले. एवढीच त्याची दखल.

त्यामुळे हे विजयी मुद्रेने वावरत आहेत आणि लेकीला ही कथा दोनदा ऐकवून झाली आहे. नशीब बरे होते, एवढेच मी म्हणते. परतीच्या वेळी न्यूअर्कच्या काउंटरवर दुसरा मुलगा असेल, दुसरे नख असेल. भारतीय नागरिकाला भारतात शिरण्यापासून कोणी रोखणार नाही हे खरे. पण विमानात चढवायचे की नाही हे ठरणार ते काउंटरवरच. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येते आणि पासपोर्ट तेथूनही नवा मिळतो. जावयांच्या संगणकावर मी तो अर्ज उघडून दिला आहे. ह्यांनी त्यात अजून फक्त आडनाव भरले आहे.