नॉर्थ कॅरोलायनातली शिष्यवृत्तीची मुलाखत: एडिसनहून निघणाऱ्यांसाठी

लेकीच्या शिष्यवृत्तीची मुलाखत आटोपून परवा रात्री घरी एडिसनला, न्यूजर्सीत, पोचलो. कंबर अजून धरलेली आहे आणि डोक्यातला रागही गेलेला नाही, पण आत्ता लिहिलं नाही तर राहूनच जाईल. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये न्यूजर्सीतली आणखी काही मराठी घरं हाच प्रवास करतील, आणि आम्हाला आधी जे जे सांगितलं गेलं होतं त्यातलं निम्मं कामाचं नव्हतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: मुलाखत शनिवारी असेल तर गुरुवारी रात्री मूल गादीवर आडवं झालेलं असलं पाहिजे. बाकीची तयारी त्यानंतर.

राली, डरहम आणि चॅपल हिल ही तीन गावं मिळून जो त्रिकोण होतो, तिथे गुणवत्तेवर मिळणाऱ्या मोठ्या शिष्यवृत्त्या एकमेकींच्या जवळ आहेत. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची मोरहेड-केन ही अमेरिकेतली अशा प्रकारची पहिली. तिचं प्रतिष्ठान १९४५ सालचं. रालीच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाची पार्क शिष्यवृत्ती १९९६ पासूनची. डरहमचं ड्यूक विद्यापीठ आणि चॅपल हिल यांची मिळून असलेली रॉबर्टसन २००० सालची, आणि तिच्यातली मुलं एक सत्र दुसऱ्या विद्यापीठाच्या आवारात राहून शिकतात. आम्ही यांपैकी कुठे गेलो होतो ते मुद्दामच सांगत नाही, लेकीचा निकाल अजून यायचा आहे. एक गोष्ट मात्र अर्ज करायच्या आधीच बघा: काही शिष्यवृत्त्या फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतात. एच-४ वर (आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) असलेल्या मुलाने महिनाभर निबंध लिहावेत आणि मग ती ओळ दिसावी, असं होऊ देऊ नका.

आता रस्ता. एडिसन ते डरहम साधारण पावणेपाचशे मैल. नकाशा आठ तास म्हणतो. आम्ही गुरुवारी सकाळी अकराला निघालो, म्हणजे वॉशिंग्टनच्या दक्षिणेला नेमके संध्याकाळच्या गर्दीत सापडलो. वॉशिंग्टन ते फ्रेडरिक्सबर्ग हा पन्नासेक मैलांचा आय-९५ महामार्गाचा तुकडा आमच्या सगळ्या प्रवासावर पाणी फिरवून गेला. त्या पन्नास मैलांना तीन तास लागले. अपघात नाही, बर्फ नाही, नुसत्या गाड्या. याच पट्ट्यात जानेवारी २०२२ मध्ये बर्फामुळे लोक रात्रभर गाडीत अडकून पडले होते; व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन तब्बल सत्तावीस तास. तेव्हा फेब्रुवारीत हवामानाचा अंदाज न बघता इथे जाणं म्हणजे मुलीचं भविष्य रस्त्यावर ठेवणं आहे.

या रस्त्याच्या मधोमध टोलच्या एक्स्प्रेस लेन आहेत, त्यांचं नीट समजून घ्या. त्या उलटसुलट चालतात: कामाच्या दिवशी सकाळी उत्तरेकडे, दुपारनंतर दक्षिणेकडे. टोल गर्दीप्रमाणे बदलतो आणि वर गेला की जातच राहतो. गाडीत तीन माणसं असतील तर या लेन फुकट आहेत, पण त्यासाठी ई-झेडपास फ्लेक्स नावाचा टोलचा वेगळा टॅग लागतो, त्यावर तीन माणसांचं बटण असतं. आपला न्यूजर्सीचा साधा टॅग तिथे चालतो, पण माणसं मोजत नाही. आम्ही तिघं होतो आणि तरी पूर्ण टोल भरला. व्हर्जिनियाचा फ्लेक्स टॅग आधी मागवून ठेवा. २०२३ मध्ये या लेन फ्रेडरिक्सबर्गपर्यंत वाढवल्या, पण त्या जिथे संपतात तिथे सगळे पुन्हा एकाच नळीत घुसतात.

येताना आम्ही शहाणपणाने रूट ३०१ धरला आणि मी तोच सांगेन. तुम्ही जाताना न्यूजर्सी टर्नपाइकने डेलावेअर मेमोरियल पूल, मग ३०१ ने मेरीलँडचा पूर्व किनारा, चेसापीकवरचा बे ब्रिज, वॉल्डॉर्फ, आणि २०२२ साली नवा बांधलेला पोटोमॅकवरचा नाइस-मिडल्टन पूल ओलांडून रिचमंडच्या अलीकडे पुन्हा आय-९५. बॉल्टिमोर आणि वॉशिंग्टन दोन्ही चुकतात. सिग्नल लागतात, वॉल्डॉर्फमध्ये कंटाळा येतो, पण गाडी चालत राहते. पुढे पीटर्सबर्गला आय-८५ घेतला की डरहमपर्यंत रस्ता इतका मोकळा आणि झाडीचा आहे की त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही.

याहून बरं म्हणजे विमान. नेवार्कहून दीड-पावणेदोन तास. मूल सोळा-सतरा वर्षांचं असेल तर एकटं जाऊ शकतं. अडचण विमानतळाबाहेर सुरू होते: उबर अठरा वर्षांखालच्या मुलाला आई-वडिलांच्या खात्याला जोडलेल्या टीन खात्याशिवाय घेत नाही, आणि बरीच हॉटेलं अठरा किंवा एकवीस वर्षांखाली खोलीच देत नाहीत. टीन खातं घरी बसून, निवांत वेळी काढा. मूल अठराचं झालं असेल तर मे २०२५ पासून रिअल आयडी (विमानप्रवासाला चालणारं सरकारी ओळखपत्र) किंवा पासपोर्ट लागतो, तोही बघा. ज्यांना विमान महाग पडतं त्यांच्यासाठी कॅरोलिनियन नावाची आगगाडी आहे, न्यूयॉर्कहून सकाळी सुटते, नेवार्क आणि ट्रेंटनला थांबते आणि संध्याकाळी राली, कॅरी, डरहमला सोडते. अख्खा दिवस जातो, पण मूल झोपत, वाचत जातं.

आम्ही हॉटेलवर रात्री एक वाजून गेल्यावर पोचलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तुम्ही आला नाहीत म्हणून खोली दुसऱ्याला दिली. पैसे आधी भरलेले नव्हते, फक्त कार्ड दिलेलं होतं. उरलेली एकच खोली, १२९ डॉलरऐवजी ३४०. का, तर त्या आठवड्यात बास्केटबॉलचा सामना. ड्यूक आणि चॅपल हिल ही दोन विद्यापीठं एकमेकांपासून दहा मैलांवर आहेत, त्यांचं वैर सगळ्या देशाला माहीत आहे, आणि दरवर्षी एक सामना फेब्रुवारीत आणि एक मार्चच्या सुरुवातीला असतो, म्हणजे ऐन शिष्यवृत्तीच्या मुलाखतींच्या दिवसांत. मी भांडले. नवऱ्याने हात धरून गप्प केलं, कारण लेक उभ्याउभ्या झोपत होती. पैसे भरले. तुम्ही तारीख कळल्या दिवशी सामन्यांचं वेळापत्रक बघा, रालीजवळच्या कॅरी किंवा मॉरिसव्हिलला खोली घ्या, आणि रात्री नऊनंतर पोचणार असाल तर रस्त्यातून फोन करून खोली धरून ठेवायला सांगा, बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या. कॅरी-मॉरिसव्हिलला आपली माणसं खूप, जेवणाचीही चिंता नाही.

आता तयारी. इथे आमची सरळसरळ दिशाभूल झाली. एका समुपदेशकाकडे दीड हजार डॉलर भरले होते. त्यांनी लेकीकडून ‘नेतृत्वाच्या’ तीन गोष्टी घोटून घेतल्या, सुरुवात-मध्य-शेवट सगळं पाठ. आणि तिने अर्जात रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते असं लिहिलं होतं, ते मागे ठेव म्हणाले. फार घरगुती वाटतं म्हणे. प्रत्यक्षात मुलाखतीतला पहिलाच प्रश्न मराठी शाळेचा. जी मुलं आई-वडिलांच्या आग्रहाने येतात आणि ज्यांना शिकायचंच नाही, त्यांना तू का शिकवतेस? मग, कुणी सोडून गेलं का? मग, त्याला तू काय म्हणालीस? पाठ केलेली गोष्ट तिने एकदा काढली तेव्हा दुसऱ्याच वाक्याला त्यांनी थांबवून वेगळं विचारलं. अर्जातली प्रत्येक ओळ त्यांच्यापुढे होती, खुणा केलेली.

म्हणून माझं स्पष्ट मत: पैसे देऊन सराव नको. स्वतःचा अर्ज छापून घ्या आणि प्रत्येक ओळीच्या पुढे ‘का?’ लिहा, मग त्या उत्तरापुढे पुन्हा ‘का?’. मंडळातल्या एखाद्या काकांना नाहीतर मावशीला बसवा, ज्यांचा मुलीच्या विषयाशी काही संबंध नाही, आणि त्यांना मधेच तोडायला सांगा. मराठीत केलं तरी चालेल, उलट चांगलं. पाठ केलेली इंग्रजी वाक्यं गळून पडतात आणि विचार काय आहे ते कळतं. ‘मला माहीत नाही’ हे न घाबरता म्हणायला शिकवा. आपल्या घरांत मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे इतकं मुरलेलं असतं की गटचर्चेत आपली मुलं मान डोलावत बसतात. लेकीच्या गटात एक मुलगा दर वेळी आधीच्या बोलणाऱ्याचं नाव घेऊन, त्याचं म्हणणं नीट मांडून, मग आपला विरोध सांगायचा. तिच्या मते सगळ्यात चांगला तोच बोलला. जेवणाच्या टेबलावर रोज हा सराव होऊ शकतो, वडिलांनी चुकीची बाजू घ्यायची आणि सोडायची नाही.

शुक्रवारची रात्र डॉर्ममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, यजमान विद्यार्थिनीच्या खोलीत जमिनीवर. पत्रात ‘आरामदायी मुक्काम’ असं होतं. खोलीत झोपायला पुरेशी जागा नव्हती, बाहेर दोन वाजेपर्यंत गप्पा आणि दारांची आदळआपट, आणि मुलाखत सकाळी साडेआठच्या आत. आधीच्या रात्रीची झोप आम्ही रस्त्यावर घालवलेली. तिसऱ्या प्रश्नानंतर डोकं बधिर झालं असं ती म्हणाली, आणि मला हेच सगळ्यात जास्त लागलं आहे, कारण ती पोरगी ताजीतवानी असती तर त्या लोकांना वेगळीच दिसली असती. स्वतःची स्लीपिंग बॅग आणि तिच्याखाली घालायला पातळ गादी न्या. कानातले बोळे, डोळ्यावरची पट्टी, न्हाणीघरासाठी रबरी चपला, फोनच्या चार्जरची लांब वायर. मुलाखतीचे कपडे हँगरच्या पिशवीत, इस्त्रीच्या भरवशावर राहू नका. टाचेचे बूट नकोत, आवार चढउताराचं आणि विटांचं आहे. बरोबर दशम्या आणि लाडू दिले होते, रात्री अकराला तेच उपयोगी पडले आणि यजमान मुलीनेही आवडीने खाल्ले. संमतीपत्रावर आई-वडिलांची सही आणि विम्याच्या कार्डाची प्रत लागते, ती निघायच्या आदल्या दिवशी शोधू नका.

यजमान विद्यार्थी निवड समितीत नसतात असं सांगितलं गेलं. असेल. तरी मुलीला सांगून ठेवा की साडेअकराला ‘सकाळी मुलाखत आहे, मी झोपते’ असं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. कुणी पार्टीला चल म्हटलं तर नाही म्हणायचं. एकवीस वर्षांखाली दारू बेकायदा आहे आणि त्या एका रात्रीत धोका पत्करण्याचं काही कारण नाही.

आई-वडिलांसाठी वेगळा कार्यक्रम होता. चहा, फळं, भाषणं, आवाराची फेरी, सगळं छान. तिथे आपल्या मुलाचे गुण सांगू नका. शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, एका सत्रात घसरला तर पुन्हा संधी मिळते का, उन्हाळ्याचा खर्च धरला आहे का, दर वर्षी फी वाढली तर वाढीव रक्कम कोण भरतं, आणि निकाल १ मेच्या (बहुतेक कॉलेजांत प्रवेश पक्का करायच्या शेवटच्या तारखेच्या) किती आधी कळतो, एवढं विचारा. आमच्या खोलीत कुणीच पहिले दोन प्रश्न विचारले नव्हते; मी विचारल्यावर बऱ्याच जणांनी वह्या काढल्या.

आभाराची पत्रं त्याच रात्री लिहायला लावा, प्रत्येकाला वेगळं, प्रत्येकात त्याच्याशी झालेल्या बोलण्यातली एक गोष्ट. लेकीने गाडीत मागच्या सीटवर बसून लिहिली आणि शेवटचं पाठवता पाठवता झोपली. आणि परतीला शनिवारी कार्यक्रम संपल्या संपल्या निघू नका. मॉरिसव्हिलला जेवा, झोपा, रविवारी पहाटे सहाला निघा, ३०१ घ्या, आणि दुपारच्या आत बे ब्रिज ओलांडा.