जिन्याच्या वळणावर मावणारी खुर्ची

दुसरं बाळंतपण घरीच करायचं म्हणून मिडवाइफताईंना भेटले, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "नाव कुठे घातलंय?"

"घरीच करायचंय ना?"

"म्हणूनच विचारतेय. हॉस्पिटलचं ठरल्याशिवाय मी घरचं धरत नाही."

घराजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझी फाइल मिटून परत सरकवली. "सगळं आमच्याकडे करणार असाल तर या. बिघडल्यावर आणून टाकणार असाल तर नको." दुसऱ्या ठिकाणी रिसेप्शनवरूनच परत पाठवलं. खूप राग आला. पण कधी न तपासलेली बाई रात्री दोन वाजता रक्तस्राव होत असताना दारात उभी राहिली, तर त्यांनी तरी काय करावं?

तिसऱ्या डॉक्टरीणबाई दादर पश्चिमेच्या. त्या हो म्हणाल्या, पण अटी घालून. नाव त्यांच्याकडे, तपासण्याही त्यांच्याकडेच. छत्तिसाव्या आठवड्याला बाळाचं डोकं खाली हवं, हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. बीपी चढलं, पाणी हिरवट गेलं, ठोके मंदावले किंवा वार अर्ध्या तासात पडली नाही, की चर्चा न करता निघायचं. ताईंनी अटींचा कागद वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "मी निघा म्हटलं की निघायचं, कारण नंतर विचारायचं." नवऱ्याची सही घेतली. सासूबाईंचीही!

माझा रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अँटिबॉडीची टेस्ट निगेटिव्ह होती आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला अँटी-डी, म्हणजे बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात अँटिबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन, घेतलं होतं. पण बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा घ्यावं लागतं. बाळाचा गट बघायला हॉस्पिटलात नाळेतलं रक्त आपोआप लॅबमध्ये जातं. घरी ते घेणार कोण, नेणार कोण? ताई घेणार, दीर स्कूटरवरून नेणार असं ठरलं. लॅबवाल्याने नळ्या आधीच देऊन ठेवल्या. त्या फ्रिजच्या वर, गणपतीच्या फोटोमागे.

राहिला रस्ता. आम्ही नायगावला, तारीख जुलैची. परळला जायचं तर वाटेत हिंदमाता, शीवला जायचं तर गांधी मार्केट. पावसात, त्यातून भरती असेल तर, या दोन्ही जागी पाणी तुंबतं हे मुंबईकराला सांगायला नको. दादर पश्चिमेला टिळक पुलावरून जाता येतं, म्हणून डॉक्टरीणबाईंचं तिथलं नर्सिंग होम आम्हाला देवासारखं वाटलं. नवऱ्याने भरतीच्या वेळा कॅलेंडरवर मांडल्या आणि साडेचार मीटरवरच्या दिवसांना लाल गोल केले.

१०८ ची गाडी फुकट असते, पण आम्हाला हव्या त्या दारात नेईल याचा भरवसा वाटेना. म्हणून एक खासगी अँब्युलन्सवाला बोलावला. तो वर यायच्या आधी जिन्याखाली उभं राहून वळण बघत बसला. आमची बिल्डिंग जुनी, लाकडी जिना, तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणाला, "वहिनी, स्ट्रेचर इथे फिरणार नाही. खुर्ची लागेल." दुसऱ्या दिवशी पट्ट्यांची खुर्ची घेऊन आला. दिराला पेशंट करून बांधलं आणि दोघांनी खाली उतरवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून, "अगं बाई, याला काय झालं?" सव्वाचार मिनिटं लागली. कठड्याला टेकवलेली सायकल त्याच दिवशी हलवली.

कळा सुरू झाल्या तेव्हा पाऊस होता, भरती नव्हती. ताईंनी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, अँब्युलन्स खाली लावून ठेवली. पहाटे मुलगी झाली. त्यानंतरची मिनिटं मी मोजत नव्हते, नवरा मोजत होता. वार विसाव्या मिनिटाला पडली. खुर्ची जिन्याखालीच राहिली, नळी तेवढी दिराबरोबर गेली. मुलगी पॉझिटिव्ह.

दुसऱ्या दिवशी अँटी-डी घ्यायला कठडा धरून, एकेक पायरी करत मी खाली उतरले. वॉर्ड ऑफिसात २१ दिवसांच्या आत जन्मनोंद करायला नवरा गेला तर खिडकीवर विचारलं, "हॉस्पिटलचं नाव?" घरी म्हटल्यावर कारकुनाने चष्मा काढला. डॉक्टरांची फाइल तिथेही उपयोगी पडली.