तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रंथालयाने व्हिडिओत दाखवायचं तरी काय?

"ग्रंथालयात काय, पुस्तकं आणि कपाटं. त्याचा व्हिडिओ कोण बघणार?" मी ग्रंथपाल आहे आणि ग्रंथालयासाठी व्हिडिओही करते, हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. वाचक विचारतात, इतर ग्रंथालयांतले सहकारीही विचारतात.

माझं म्हणणं असं, की वाचकाला काउंटरच्या अलीकडून जे कधीच दिसत नाही ते दाखवावं. पुस्तकाच्या पाठीवरचा आकडाच घ्या. रोज तो डोळ्यांसमोर असतो, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली मांडलेल्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याच्या पद्धतीत, पक्ष्यांची पुस्तकं ५९८ या वर्गांकाखाली येतात. पण पोपट पाळायचा कसा, हे सांगणारं पुस्तक तिथे सापडत नाही, ते ६३६ मध्ये, पाळीव प्राण्यांबरोबर असतं. रानातला पोपट एका कपाटात, पिंजऱ्यातला दुसऱ्या. दोन्ही कपाटांपुढे उभं राहून हे सांगायला मिनिटभर लागतं, आणि ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी स्वतःहून योग्य कपाटापाशी जातो.

दुसरा माझा आवडता विषय म्हणजे पुस्तकांची दुरुस्ती. कॅमेरा वरून लावायचा, चौकटीत फक्त हात आणि फाटलेलं पान. जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी कात्रीने कापत नाहीत. ओल्या ब्रशने रेघ ओढून ती हाताने अलगद फाडतात, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड पानात मिसळून जातो. वर गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणून उद्या कुणाला ती दुरुस्ती काढायची झाली तर पानाला इजा न करता काढता येते. साध्या चिकटपट्टीचं तसं नाही. ती पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात उतरतो. यात निवेदनसुद्धा फारसं लागत नाही, लोक श्वास रोखून बघतात. घरातल्या जुन्या पुस्तकाला चिकटपट्टी लावायला निघालेला एक हात जरी थांबला, तरी मला समाधान आहे.

अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या मोठ्या ग्रंथालयाने २००९ मध्ये यूट्यूबवर पाऊल ठेवलं तेव्हा एडिसन यांच्या काळातले जुने चित्रपट आणि लेखकांची भाषणं दाखवली. एवढा खजिना सगळ्यांकडे नसतो. पण व्याख्यानं सगळीकडे होतात, ती जरूर टाका. फक्त सत्कार आणि प्रास्ताविक कापा, आणि कुठल्या मिनिटाला कुठला मुद्दा आहे ते खाली लिहा.

मुलांसाठी गोष्टी वाचून दाखवण्याची कल्पना सगळ्यांना सुचते, आणि इथे मी थोडी कडक होते. विकत घेतलेलं पुस्तक नेटवर अख्खं वाचून दाखवण्याचा हक्क त्या खरेदीबरोबर मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत बऱ्याच प्रकाशकांनी तशी परवानगी दिली होती, पण ठरावीक मुदतीपुरती. लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात ६० वर्षं, युरोपीय संघात ७० वर्षं हक्क शाबूत असतात, आणि चित्रकाराचे व अनुवादकाचे हक्क वेगळे मोजावे लागतात. तेव्हा प्रकाशकाला रीतसर पत्र लिहा. तसंच वाचनकक्षात चित्रण करताना मागे बसलेल्यांचे चेहरे येऊ देऊ नका. कोण काय वाचतं ही त्याची खासगी बाब आहे, ती आपणच जपायची.

खर्चाचं विचाराल तर कॅमेरा फोनचा चालतो, पैसे माइकवर घाला. उपशीर्षकं द्याच, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आणि आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठीही. आपोआप तयार होणाऱ्या उपशीर्षकांत लेखकांची नावं हटकून चुकतात, ती हाताने दुरुस्त करावी लागतात.

किती जणांनी बघितला, या आकड्याकडे मी फार बघत नाही. व्हिडिओखाली प्रत्येक पुस्तकाचा बोधांक, म्हणजे पाठीवरचा तो आकडा, देते आणि नंतर देवघेव विभागात विचारते की ती पुस्तकं हलली का. म्हणूनच व्हिडिओ टाकण्याआधी त्यातल्या पुस्तकांच्या प्रती जागेवर आहेत ना, हे बघते. उत्सुकतेने आलेल्या माणसाला रिकामी फळी दिसली तर तो परत येईलच असं नाही. एकच प्रत असेल तर नाव नोंदवून पुस्तक राखून कसं ठेवायचं, तेही त्याच व्हिडिओत सांगून टाकते.