पाचही शब्द बरोबर

जून 2020. जिल्ह्याबाहेरची एस.टी. बंद, बाहेर पडायचं तर पास, आणि पुण्यातली आमची मेमरी क्लिनिकची ओपीडी फोनवर आलेली. स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासणाऱ्या 'मोका' चाचणीचं फोनवरचं रूप 30 ऐवजी 22 गुणांचं. घड्याळ काढा, प्राणी ओळखा, हे डोळ्यांचं काम त्यातून गळतं. आमचे डोळेही गळतात म्हणा. समोरचा माणूस उत्तरासाठी बायकोकडे बघतोय का, हे कळायला मार्ग नाही.

कोरेगाव तालुक्यातले अप्पा, निवृत्त तलाठी. सुनेची तक्रार: दूधवाल्याचं बिल दोनदा दिलं, आणि स्वतःच्याच रानातून येताना वाट चुकले. "तुम्ही परड्यात जाऊन बसा," मी सुनेला बजावलं.

पाच शब्द सांगितले. (कोणते, ते इथे लिहिणार नाही, चाचणीच वाया जायची.) मग शंभरातून सात-सात वजा: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, तलाठ्याच्या वेगाने. ठराविक अक्षर आलं की टेबलावर टक्. एकही टक् चुकली नाही. पाचेक मिनिटांनी शब्द विचारले. पाचही आले, त्याच क्रमाने, एका दमात.

तेच खटकलं. आठवणारा माणूस अडखळतो, "थांबा हं" म्हणतो, मागचा शब्द पुढे आणतो.

"अप्पा, लिहून घेतलेत का?"

"मग? सांगितलेलं टिपून नको घ्यायला? चौतीस वर्षं तेच केलं."

चूक माझी. कागद-पेन बाजूला ठेवायला मीच सांगायचं असतं. चाचणी बाद.

दहा दिवसांनी वेगळे शब्द घेऊन पुन्हा फोन. या वेळी पेन सुनेच्या ताब्यात. वजाबाकी तशीच खणखणीत. शब्द विचारले, तर पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मग, "मॅडम, शब्द कसले?" इशारा दिला, पर्याय दिले, तरी नाही. वयाचा विसर सहसा इशाऱ्याने हलतो. इथे शब्द आत उतरलेच नव्हते. एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्यांसाठी लिहून दिलं.

संध्याकाळी सुनेने पहिल्या दिवशीचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. वर्तमानपत्राची कड, तलाठ्याचं सुवाच्य अक्षर. खाली माझे पाच शब्द. वर, फोन यायच्या आधीच लिहून ठेवलेलं: "मंगळवार, दि. 16 जून 2020." मग गाव, तालुका, जिल्हा. आणि त्याखाली तिचं नाव, पुढे कंसात 'सून'.